पी. बाळू : भारतातला पहिला थोर गोलंदाज

भारतीय क्रिकेटमध्ये फलंदाजांच्या कथा भरपूर आहेत. मात्र इंग्लंडच्या मैदानांवर ज्याच्या कौशल्याला पहिल्यांदा दाद मिळाली, तो भारतीय संघातला माणूस डावखुरा मंदगती गोलंदाज होता. त्याचे नाव बाळू पालवणकर. धावफलकावर आणि वृत्तपत्रांत तो ‘पी. बाळू’ म्हणून ओळखला जाई. प्रथम श्रेणीचे 33 सामने, 179 बळी आणि प्रत्येक बळीमागे जेमतेम 15 धावा ही त्याची नोंद आहे. यातला पहिला सामना खेळताना त्याने वयाची जवळजवळ तिशी गाठली होती, म्हणजे ऐन उमेदीच्या दिवसांतली कामगिरी या आकड्यांत आलेलीच नाही. अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार कुटुंबातून आलेल्या या खेळाडूचे बळी समाजाने आनंदाने मोजले. त्याच्या हाती संघाचे नेतृत्व देण्याची वेळ आली, तेव्हा तोच समाज मागे सरला. बाळूंच्या कारकिर्दीचे मोठेपण समजण्यासाठी या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

पालवण ते पुणे

पालवणकरांचे मूळ गाव कोकणातले पालवण. बाळूंचा जन्म 1875-76 च्या सुमारास धारवाडला झाला. वडील लष्करात शिपाई होते. त्या काळी महार, चर्मकार अशा समाजांतल्या अनेक कुटुंबांना गावगाड्यातल्या कामांपलीकडे नेणारी पहिली वाट लष्कराची होती. पगार, थोडेफार शिक्षण आणि छावणीतले वेगळे वातावरण यांमुळे पुढच्या पिढीला नवे जग दिसू लागले.

पालवणकर कुटुंब पुढे पुण्यात राहू लागले. वडिलांना खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काम होते. छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी वापरून टाकलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. शिवरामनंतरचे गणपत आणि विठ्ठल हे भाऊही पुढे नामांकित क्रिकेटपटू झाले. एकाच घरातले चार भाऊ वरच्या दर्जाचे क्रिकेट खेळल्याची उदाहरणे जगात थोडी आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्याही पाठीशी पैसा नव्हता, शिकवायला प्रशिक्षक नव्हता आणि खेळायला हक्काचे मैदानही नव्हते.

तीन रुपये महिना

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातल्या पारशी क्रिकेट क्लबमध्ये होती. खेळपट्टी झाडायची, तिच्यावर रोलर फिरवायचा आणि सभासदांना गरज पडेल तेव्हा चेंडू टाकायचे, असे ते काम होते. पगार महिना तीन रुपये. 1892 च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले आणि पगार चार रुपये झाला. तिथे नेट बांधणे, खेळपट्टी तयार करणे, सीमारेषा आखणे ही कामे होती आणि सभासदांच्या सरावासाठी गोलंदाजीही करायची होती.

या सभासदांत कॅप्टन जे. जी. ग्रेग हे त्या काळातले भारतातले अव्वल इंग्रज फलंदाज होते. ते इतरांच्या आधी मैदानावर येत आणि बाळूंकडून तासन्‌तास गोलंदाजी करून घेत. बाद झाल्यास ग्रेग प्रत्येक वेळी आठ आणे देत, अशी कथा पुढे पुण्यात रूढ झाली. कथा खरी असो वा नसो, त्या नेटमध्ये बाळू घडले यात शंका नाही. पावलांची उत्तम हालचाल असलेल्या फलंदाजाला रोज गोलंदाजी केल्याने फलंदाज कुठे चुकतो, टप्पा किती आखूड झाला की मागे जातो, चेंडू किती उंच सोडला की पुढे येतो, हे त्यांना पाठ झाले.

या क्लबात बाळूंनी हजारो चेंडू टाकले, तरी फलंदाजीचा सराव त्यांच्या वाट्याला आला नाही. बॅट धरायची ती सभासदांनी आणि घाम गाळायचा तो नोकरांनी, ही त्या क्लबांची रीत होती. इंग्लंडमध्येही हौशी ‘जंटलमन’ आणि पैसे घेऊन खेळणारे ‘प्लेयर’ असा भेद होता. भारतात त्या भेदावर वंश आणि जात यांची आणखी दोन ओझी चढली होती.

मैदानात एक, चहाला वेगळे

बाळूंच्या गोलंदाजीची कीर्ती पुण्यातल्या हिंदू क्लबापर्यंत पोहोचली. या क्लबाला युरोपियन संघांना हरवायचे होते आणि त्यासाठी असा गोलंदाज हवा होता. बाळूंना संघात घ्यावे की नाही यावर सभासदांत वाद झाला. अखेर जिंकण्याची ओढ सोवळ्यापेक्षा भारी ठरली आणि बाळू संघात आले.

मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सगळे हाताळत. चहाची वेळ झाली की उरलेला संघ मंडपात बसे आणि बाळूंना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यातून चहा दिला जाई. जेवणाचे पानही वेगळे मांडले जाई. हात धुवायला पाणी देण्यासाठीदेखील त्यांच्याच समाजातला माणूस लागे. एका चेंडूला हात लावणाऱ्या अकरा जणांपैकी एकाचा पेल्याला झालेला स्पर्श बाकीच्यांना चालत नसे.

साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याविरुद्धच्या सामन्याने ही परिस्थिती थोडी हलली. यजमानांनी बाळूंची फिरकी निष्प्रभ करण्यासाठी खेळपट्टीवर अनेक दिवस रोलर फिरवला होता, असे सांगितले जाते. तरीही बाळूंनी सात बळी घेतले आणि हिंदू संघ जिंकला. पुण्यात परतल्यावर विजेत्यांचा सत्कार झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी संघातल्या खेळाडूंना सुनावले, की ज्याच्याबरोबर खेळता येते त्याच्याबरोबर जेवायलाही हरकत नसावी. पुढे लोकमान्य टिळकांच्या हस्तेही बाळूंचा गौरव झाला. समाजसुधारणेच्या प्रश्नावर रानडे आणि टिळक यांच्यात तीव्र मतभेद होते. या गोलंदाजाचा सन्मान मात्र दोघांनीही केला.

हातातली कला

बेसबॉलच्या पिचरचे आणि क्रिकेटच्या गोलंदाजाचे काम मुळात एकच आहे. दोघांनाही समोरच्याला फसवायचे असते. पिचर साठ फूट सहा इंचांवरून चेंडू थेट हवेतून फेकतो, म्हणून त्याची सारी करामत हवेतच घडते. गोलंदाज 22 यार्डांच्या खेळपट्टीवर सरळ हाताने चेंडू टाकतो आणि त्याला जमिनीचीही मदत असते. मंदगती गोलंदाजाकडे वेगाची दहशत नसल्यामुळे त्याला उंची, टप्पा, फिरकी आणि वेगातला बदल यांवरच भागवावे लागते.

डावखुऱ्या मंदगती गोलंदाजाचा नेहमीचा चेंडू उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजासमोर पडून बाहेर वळतो. फलंदाज खेळायला जातो, चेंडू बॅटची कड घेतो आणि यष्टिरक्षकाच्या किंवा स्लिपमधल्या खेळाडूच्या हाती जातो. हा चेंडू दहा वेळा टाकल्यावर अकरावा न वळता सरळ आत येतो आणि पायावर किंवा यष्ट्यांवर आदळतो. बाळूंकडे हे दोन्ही चेंडू होते आणि त्यांच्या हाताच्या हालचालीवरून दोहोंतला फरक कळत नसे. चेंडू हवेत किती वेळ राहील हे ते दर वेळी बदलत आणि दिवसभर न थकता अचूक टप्प्यावर टाकत. त्यांची तुलना इंग्लंडच्या विल्फ्रेड ऱ्होड्सशी झाली. ऱ्होड्स हे त्या काळातले जगातले सर्वोत्तम डावखुरे मंदगती गोलंदाज मानले जात.

मुंबई आणि हिंदू जिमखाना

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईला आले. काही काळ लष्करी पलटणीत काढल्यावर ते बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरीला लागले आणि तिच्या संघातून खेळू लागले. रेल्वे आणि मोठ्या कंपन्या खेळाडूंना नोकरी देत. पूर्णवेळ व्यावसायिक क्रिकेट नसलेल्या देशात गरीब खेळाडूला पोट भरून खेळ चालू ठेवण्याची हीच सोय होती. ही पद्धत मुंबईच्या क्रिकेटने पुढे अनेक दशके जपली.

पी. जे. हिंदू जिमखान्याची स्थापना 1894 मधली. बाळूंना तिथे घेताना पुण्यातलाच वाद पुन्हा उभा राहिला. काही सभासदांचा विरोध होता, पण कर्णधार कीर्तिकर यांनी आग्रह धरला आणि विरोध मावळला. मुंबईत एक पाऊल पुढेही पडले. इथे बाळू आणि शिवराम यांना जिमखान्यात इतरांबरोबर बसून खाण्यापिण्याची मुभा मिळाली.

त्या काळी मुंबईतले मोठे सामने धर्मावर बेतलेल्या संघांत होत. 1892 पासून युरोपियन आणि पारशी यांचे प्रेसिडेन्सी सामने सुरू झाले होते. फेब्रुवारी 1906 मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू संघ युरोपियनांविरुद्ध उतरला. हिंदूंनी 242 आणि 160 धावा केल्या, युरोपियनांना 191 आणि 102 धावाच करता आल्या. बाळूंनी पहिल्या डावात तीन आणि दुसऱ्या डावात पाच बळी घेतले आणि हिंदू संघ 109 धावांनी जिंकला. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात, त्यांच्याच मैदानावर हरवल्याचा आनंद शहरभर साजरा झाला. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या पत्राने मात्र दुसऱ्याच गोष्टीकडे लक्ष वेधले. चर्मकार समाजातल्या भावांना हिंदू जिमखान्याने सामावून घेतले, हा त्या पत्राच्या मते धावांच्या फरकापेक्षा मोठा विजय होता. 1907 मध्ये हिंदू संघाच्या समावेशाने ही स्पर्धा तिरंगी झाली आणि 1912 मध्ये मुस्लिम संघ आल्यावर चौरंगी.

1911 : इंग्लंडचा दौरा

पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंह यांच्या नेतृत्वाखाली 1911 मध्ये भारताचा पहिला सर्वसमावेशक संघ इंग्लंडला गेला. पारशी, हिंदू आणि मुस्लिम खेळाडू प्रथमच एका संघात होते. बाळूंबरोबर शिवरामचीही निवड झाली होती. कर्णधार महाराज बराच काळ दरबारी भेटीगाठींत गुंतून राहिले. बरेच खेळाडू अपरिचित हवामान आणि ओल्या खेळपट्ट्यांपुढे चाचपडले आणि संघ बहुतेक सामने हरला.

या दौऱ्यात बाळूंनी सगळे सामने धरून 114 बळी घेतले, सरासरी 18.84. त्यातले 75 बळी प्रथम श्रेणीच्या सामन्यांतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात 103 धावांत 8 गडी बाद केले आणि हीच त्यांच्या कारकिर्दीतली सर्वोत्तम कामगिरी ठरली. त्या वेळी ते पस्तिशीत होते. पराभूत होणाऱ्या संघातून, परक्या खेळपट्ट्यांवर, क्षेत्ररक्षकांची फारशी साथ नसताना मिळवलेले हे यश आहे. सॉमरसेटविरुद्ध शिवरामनेही नाबाद शतक ठोकून संघाला विजय मिळवून दिला.

मुंबईला परतल्यावर दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. इतिहासकार रामचंद्र गुहा यांच्या म्हणण्यानुसार, त्या प्रसंगीचे मानपत्र तयार करण्यात तरुण भीमराव आंबेडकरांचा हात होता. आंबेडकर तेव्हा एल्फिन्स्टन कॉलेजचे विद्यार्थी होते. त्या पिढीतल्या दलित तरुणांसाठी बाळू हे चालते-बोलते प्रमाण होते. संधी मिळाली तर गुणवत्ता जातीची सीमा ओलांडते, हे त्यांनी सर्वांसमोर सिद्ध केले होते.

कर्णधारपदाचा लढा

बाळू हिंदू संघातले सर्वांत अनुभवी आणि सर्वांत यशस्वी खेळाडू होते, तरी कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. वर्षानुवर्षे ते एम. डी. पै यांच्याकडे राहिले. क्रिकेटचा कर्णधार क्षेत्ररक्षण लावतो, गोलंदाज निवडतो आणि इतरांना आज्ञा देतो. सवर्णांनी दलिताच्या आज्ञेत खेळायचे, हे जिमखान्याच्या कारभाऱ्यांना पचत नव्हते.

1920 च्या चौरंगी स्पर्धेत हा प्रश्न उघड्यावर आला. पै आजारी होते. बाळूंना संघातून वगळण्यात आले आणि कर्णधारपद दि. ब. देवधर यांच्याकडे गेले. अनुभवाने ज्येष्ठ असलेल्या विठ्ठल आणि शिवराम यांना डावलले गेले होते. दोन्ही भावांनी संघातून माघार घेतली आणि जाहीर निवेदनात जातीच्या कारणावरून झालेल्या अन्यायाला वाचा फोडली. असहकाराच्या आणि अस्पृश्यतानिवारणाच्या चर्चेने भारलेल्या त्या दिवसांत लोकमत भावांच्या बाजूने उभे राहिले. जिमखान्याला नमते घ्यावे लागले. भाऊ संघात परतले, बाळू उपकर्णधार झाले आणि बरे होऊन कर्णधारपदावर परतलेले पै काही वेळ मैदान सोडून बाहेर गेले, तेव्हा हिंदू संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. त्यांच्या मोठ्या क्रिकेटचा तो शेवटचा हंगाम होता.

तीन वर्षांनी, 1923 मध्ये, विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे रीतसर कर्णधार झाले. त्यांच्या संघाने युरोपियनांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली आणि प्रेक्षकांनी विठ्ठलना खांद्यावर उचलून घेतले. मोठ्या भावाने चेंडूच्या जोरावर दार उघडले आणि धाकट्याने त्या दारातून आत जाऊन मानाची जागा घेतली. विठ्ठल यांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहिले. या भावांच्या अनुभवांचा तो मोलाचा मराठी दस्तऐवज आहे.

अमेरिकेतल्या बेसबॉलचा इतिहास यासोबत ठेवून पाहण्यासारखा आहे. तिथे कृष्णवर्णीय खेळाडूंना मुख्य संघांत प्रवेशच नव्हता, त्यामुळे त्यांच्या वेगळ्या लीग होत्या. 1947 मध्ये जॅकी रॉबिन्सन यांनी ती भिंत ओलांडली. थोर पिचर सॅचेल पेज यांना मुख्य लीगमध्ये पहिला सामना 1948 मध्ये, वयाच्या 42 व्या वर्षी मिळाला. भारतात मैदान वेगळे नव्हते, पंगत वेगळी होती. बाळू अमेरिकेतल्या त्या बदलाच्या कितीतरी आधी सवर्णांच्या खांद्याला खांदा लावून खेळले. पेज यांच्याप्रमाणेच त्यांचीही उमेदीची वर्षे मोठ्या सामन्यांच्या नोंदींबाहेर राहिली.

राजकारण आणि गिरणगाव

निवृत्तीनंतर बाळू सार्वजनिक जीवनात उतरले. ऑगस्ट 1932 मध्ये ब्रिटिश सरकारने जातीय निवाड्याद्वारे दलितांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात त्याविरुद्ध उपोषण आरंभले आणि 24 सप्टेंबर 1932 रोजी पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघांऐवजी संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा ठरल्या आणि प्रांतिक विधिमंडळांतल्या त्या जागांची संख्या 71 वरून 148 झाली. करारावर सही करणाऱ्यांत डॉ. आंबेडकर होते आणि बाळूही होते. बाळूंचा ओढा संयुक्त मतदारसंघांकडे होता. 1933 मध्ये त्यांनी मुंबई महापालिकेची निवडणूक लढवली, पण त्यात ते हरले.

1937 मध्ये काँग्रेसने त्यांना मुंबई विधानसभेसाठी उमेदवारी दिली. समोर होते स्वतंत्र मजूर पक्षाचे संस्थापक डॉ. आंबेडकर. मतदारसंघ मुंबईच्या ‘ई’ आणि ‘एफ’ वॉर्डांचा, म्हणजे भायखळा आणि परळचा. गिरण्यांच्या चिमण्या, चाळी आणि शिवडी-कॉटन ग्रीनची कापसाची गोदामे यांनी भरलेला हा कामगारांचा इलाखा. ज्या कापसावर मुंबई उभी राहिली, त्याच्या गाठी इथे उतरत आणि त्याचे सूत कातणारे, विणणारे हात याच चाळींत राहत. मतदानाचा हक्क तेव्हा मर्यादित असला, तरी वस्तीत दोन्ही नावांना मान होता. आंबेडकरांना 13,245 आणि बाळूंना 11,225 मते मिळाली. पराभव झाला, पण दोन हजारांच्या आसपासचा हा फरक बाळूंची लोकप्रियता सांगतो. या लढतीमागे दलितांच्या उद्धाराच्या दोन वाटा होत्या. सवर्ण समाजात राहून आपल्या गुणांनी त्याला बदलायचे, ही बाळूंची वाट. कायदा, संघटना आणि स्वतंत्र राजकीय शक्ती ही आंबेडकरांची.

वारसा

भारताला कसोटीचा दर्जा 1932 मध्ये मिळाला आणि रणजी करंडक 1934 मध्ये सुरू झाला. तोपर्यंत बाळू पन्नाशी ओलांडून गेले होते. 4 जुलै 1955 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. प्रभादेवीतला पी. बाळू मार्ग त्यांच्या नावाचा आहे.

कसोटी न खेळल्यामुळे नव्या पिढ्यांच्या आकडेवारीत ते सहज दिसत नाहीत. तरी डावखुऱ्या मंदगती गोलंदाजीची मुंबईतली परंपरा त्यांच्यापासून सुरू होते. बापू नाडकर्णी यांनी 1964 मध्ये मद्रासच्या कसोटीत सलग 21 निर्धाव षटके टाकून अचूकतेचा विक्रम केला. पद्माकर शिवलकर यांना प्रथम श्रेणीत 589 बळी घेऊनही कसोटी खेळायला मिळाली नाही.

बाळूंची नोंद दोन खात्यांत करावी लागेल. क्रिकेटच्या खात्यात ते भारताचे पहिले मोठे फिरकी गोलंदाज आहेत. समाजाच्या खात्यात त्यांनी मागितलेला हक्क साधा होता, ज्याच्या हाताने सामना जिंकला जातो त्याच्या हाती संघही सोपवावा. तो हक्क त्यांना स्वतःला पूर्ण मिळाला नाही, भावाला मिळाला. गुण ओळखून त्याचा वापर करणे सोपे असते आणि त्या गुणाला नेतृत्वाचा मान देणे अवघड, हे त्यांच्या आयुष्याने दाखवून दिले. कोणत्याही संघाने, कचेरीने किंवा पक्षाने आपली पारख याच कसोटीवर करावी.